इनामदारांचं भाषांतर

श्रीधर इनामदार यांच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते लिहिणारेही जर्मनीत, आमच्या एर्लांगेनमध्ये, पुष्कळ आहेत. मी त्यांतली नाही. इथल्या मराठी मंडळानं त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त छोटासा गौरव अंक काढायचं ठरवलं, तेव्हा संपादन करणाऱ्या मुलीनं मलाही फोन केला. "ताई, काकांवर तुम्ही दोन पानं द्याच. तुमचं त्यांच्याकडे किती येणंजाणं होतं!" होतं, हे खरं. मी तिला नाही म्हटलं, फोन ठेवला आणि मग लिहायला बसले. हे त्या अंकात येणार नाही, याची मला खात्री आहे.

एक आधीच सांगते. लिहिताना हात 'तो' लिहायला शिवशिवतो. पण वडीलधाऱ्यांना 'ते' म्हणायची सवय आईनं लहानपणी लावली, ती सुटत नाही. म्हणून 'ते'. त्यात आदर शोधू नये.

इनामदार उंच, सडपातळ, ताठ. थंडी असो, ऊन असो, सायकलवर. पँटच्या पायाला चिमटा, गळ्यात व्यवस्थित गुंडाळलेला मफलर, आणि खिशात इस्त्रीचा रुमाल, जो मी त्यांना कधी वापरताना पाहिला नाही. तरुणपणी इंजिनियर म्हणून इथे आले, इथल्याच बाईशी लग्न केलं, इथेच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी शपथबद्ध दुभाष्याचं काम धरलं. मराठी आणि हिंदी तर होतीच. उर्दू हौसेनं शिकलेले. वडील लष्करात असल्यामुळे लहानपण पंजाबात गेलेलं, म्हणून पंजाबीही अस्खलित. जर्मन तर अशी की दुकानातली माणसं त्यांच्याशी बोलताना आपलं बोलणं सावरून घ्यायची.

पण त्यांचा खरा जीव मराठीत. मंडळाच्या जेवणात कुणी म्हणालं, "दूध खराब झालं," की इनामदारांचं बोट वर. "नासलं. दूध नासतं, भाजी सडते, डाळ आंबते, यंत्र बिघडतं. खराब काय सगळंच होतं!" कुणी 'मला हेल्प कर' म्हणालं, की "मदत मेली का?" बरोबर उत्तर आलं, की "गेनाऊ!", म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर', आणि बोट खाली. इथे वाढलेली पोरं त्यांना पाहिलं की दुसऱ्या खोलीत पळायची, कारण जर्मनमधून दिलेलं उत्तर ते ऐकूच न आल्यासारखं करत. आम्हाला, नवीन आलेल्यांना, याचं कौतुक वाटायचं. परक्या गावात आपल्या भाषेवर कुणी एवढा पहारा देतंय, याचा आधार वाटायचा.

मला तर त्याहून जास्त वाटायचं. आम्ही नवीन होतो तेव्हा एका रविवारी माझ्या दीड वर्षाच्या मुलाला ताप चढला. नवरा कामानिमित्त बाहेरगावी होता आणि माझं जर्मन भाजीच्या दुकानापुरतं. मी इनामदारांना फोन केला. ते सायकल टाकून तसेच इस्पितळात आले. डॉक्टरीण विचारत होती, मी घाबरून इंग्रजी-मराठी काहीही बोलत होते. "मलूल झालाय हो, काका."

इनामदार माझ्याकडे वळले. "थांब. मलूल म्हणजे? दमल्यासारखा पडून आहे, की गुंगीत आहे? हाक मारली की बघतो?"

"बघतो. पण लगेच डोळे मिटतो."

"खेळणं दिलं तर?"

"धरतो. मग सोडून देतो."

मग ते डॉक्टरणीशी बराच वेळ बोलले. एका 'मलूल'साठी त्यांनी कितीतरी वाक्यं खर्च केली. डॉक्टरीण मान हलवत राहिली आणि तिचा चेहरा सैल होत गेला. मूल बरं झालं. डॉक्टरीण मला नंतर म्हणाली होती, तुमच्याबरोबरच्या गृहस्थांनी इतकं नेमकं सांगितलं की माझं अर्धं काम झालं. हा प्रसंग मी मुद्दाम सांगते आहे. एखाद्या मराठी शब्दाच्या पोटात काय आहे, हे या माणसाला कळत नव्हतं, असं पुढे कुणी म्हणू नये.

त्यांचं दुसरं रूप मी पाहिलं ते गणपतीच्या जेवणात. त्या सुमारास त्यांना प्रशासकीय न्यायालयाचं बरंच काम मिळू लागलं होतं. आश्रय मागायला आलेल्या माणसाचा अर्ज सरकारी कचेरीनं फेटाळला, की तो त्या निर्णयाविरुद्ध या कोर्टात जाऊ शकतो. न्यायाधीश त्याला समोर बसवून पुन्हा सगळं विचारतात. तो त्याच्या भाषेत बोलतो, आणि न्यायाधीशांच्या कानात जातं ते दुभाष्याचं जर्मन.

मोदक वाढून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "काका, कोर्टातल्या गमती सांगा ना." इनामदारांनी नाव-गाव न घेता एका म्हाताऱ्याची नक्कल केली. खाली मान, थरथरते हात, अडखळतं बोलणं, मध्येच रडणं. नक्कल फार हुबेहूब होती. "आल्झो, तर काय, गोष्ट सगळ्यांची एकच," ते म्हणाले. "शत्रू मागे लागला, शेत विकलं, एजंट भेटला. एजंटानंच पाठ करून घेतलेली. आपण मात्र मूर्ख. परीक्षा देऊन, रांगेत उभे राहून आलो." सगळे हसले. मी हसले की नाही, आठवत नाही. पण उठून गेले नाही, हे नक्की.

वैशाली मला भेटली ती भारतीय किराणा दुकानात. मी माझ्या मुलावर मराठीत ओरडत होते, मेथीच्या जुड्या पायदळी तुडवू नकोस म्हणून. मागे एक मुलगी उभी होती, ती एकदम रडायला लागली. "न्हाई, काई न्हाई," ती म्हणाली, "लई दिसांनी कुनी आपल्यावानी वरडलेलं ऐकलं."

ती आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातली. मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, डी.एड. झालेली. गावातच मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या सुमितशी तिनं लग्न केलं. सुमित बौद्ध. दोघं त्याच दिवशी गाव सोडून पुण्याला गेले. तिथे सुमितला मारहाण झाली. पोलिसांत गेले, तर ठाण्यातून तिच्याच घरी फोन गेला. मग सुरत. सुरतेलाही भाऊ पोचला. तिथून सुमितच्या मामानं जमीन विकून दोघांना एजंटामार्फत देशाबाहेर काढलं. आता दोघं शहराबाहेरच्या आश्रयार्थींच्या उंटरकुन्फ्टमध्ये, म्हणजे सरकारी निवासात, एका खोलीत राहत होते.

त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता. कारण एकच: भारत विशाल देश आहे, अर्जदारांनी दुसऱ्या राज्यात जाऊन राहावं. म्हणजे सगळं अडलं होतं सुरतेवर. दुसऱ्या राज्यात राहून पाहिलं होतं आणि तिथेही जीव वाचत नव्हता, हे न्यायाधीशांना पटलं तर आशा होती. न पटलं तर परत. त्यांच्या वकीलबाई, फ्राऊ त्सीग्लर, बोलायला तुटक पण कामाला चोख. त्यांनीच सांगितलं, की सुनावणी खुली असते, ओळखीचं कुणी मागे बसलं तर या मुलीला धीर येईल. कोर्टानं मराठी दुभाष्या बोलावला आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मला कोण आनंद झाला! वैशालीला मी म्हटलं, "अगं, ते आमचे इनामदार काकाच असणार. त्यांच्यासारखं मराठी जाणणारा माणूस इथे दुसरा नाही. तू फक्त मोकळेपणानं बोल."

ते कोर्ट कोणत्या शहरातलं, ते लिहीत नाही. आमच्याकडून रिजनल ट्रेननं जाता येतं, एवढं पुरे. खोली लहान, शाळेच्या वर्गासारखी. समोर न्यायाधीश, साधारण माझ्याच वयाचे, बोलण्यात कोरडे. एका बाजूला वैशाली, सुमित आणि वकीलबाई. वैशालीच्या शेजारी इनामदार. मी मागे, एकटीच; एव्हाना माझं जर्मन कोर्टातलं बोलणं कळण्याइतकं झालं होतं. इनामदारांनी मला पाहून मान लववली आणि वैशालीला म्हणाले, "घाबरायचं नाही हं, बाळ." तिनं वाकून नमस्कार केला.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. नाव, गाव, शिक्षण. मग पुणं आलं. वैशाली म्हणाली, "बाप म्हनला, तू आमाला मेलीस. तेराव्याचं जेवान घातलं गावाला माज्या नावानं." इनामदारांनी सांगितलं: कुटुंबानं तिच्याशी संबंध तोडले. मला खटकलं. पण वाटलं, जिवंत मुलीचं तेरावं म्हणजे काय, हे जर्मनमध्ये सांगणं अवघडच. मग सुमितच्या जातीचा विषय निघाला. तिचं बोलणं इनामदारांनी सांगितलं आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं, की शहरांतून आता असे भेद राहिलेले नाहीत. ते तिनं म्हटलेलंच नव्हतं. मी खुर्चीच्या कडेवर आले.

न्यायाधीशांनी विचारलं, "सुरतमध्ये तुमच्या कुटुंबातलं कुणी तुम्हाला गाठलं का?"

वैशाली बोलू लागली. आधी हळू, मग न थांबता. "व्हय. दादा आला. दार वाजलं, म्या आतनं इचारलं कोन हाय, तर बोलंना. खिडकीतनं बघितलं तर दादा. हातात कोयता. कोयता दाराला टेकवला आन् म्हनला, 'वैशे, औंदा ऊस न्हाई तोडायचा. औंदा दुसरंच तोडायचंय.'"

इनामदारांनी घसा साफ केला आणि त्यांच्या त्या सुंदर जर्मनमध्ये सांगितलं, "भाऊ सुरतला भेटायला आला होता. दाराबाहेर उभा राहून तो यंदाच्या ऊसतोडणीविषयी बोलला."

न्यायाधीशांनी हातातलं आवाज टिपणारं यंत्र तोंडाशी नेलं आणि प्रोटोकोलसाठी, म्हणजे कोर्टाच्या नोंदीसाठी, सांगू लागले: भावानं अर्जदार स्त्रीची सुरत येथे भेट घेतली, आणि शेतीच्या कामाबद्दल...

मी उभी राहिले. "ती असं म्हणाली नाही!" जर्मनमध्येच बोलले, पण आवाज माझाच मला अनोळखी वाटला.

न्यायाधीश थांबले. "प्रेक्षकांना बोलायची परवानगी नाही. पुन्हा बोललात तर बाहेर जावं लागेल."

इनामदारांनी मागे वळून पाहिलं नाही. पण फ्राऊ त्सीग्लर वळल्या. माझा चेहरा त्यांनी क्षणभर पाहिला आणि न्यायाधीशांकडे थोड्या विश्रांतीची विनंती केली. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना ऊस, कोयता, तेरावं, सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तुम्हाला खात्री आहे?" मी म्हटलं, "माझी मातृभाषा आहे."

परत आत गेल्यावर त्यांनी प्रश्न टाकला. "तुमच्या भावाच्या हातात काही होतं का?"

"कोयता," वैशाली म्हणाली.

"शेतीचं एक अवजार," इनामदार म्हणाले.

"कोणतं अवजार?"

"ऊस कापण्याचं. त्या भागातल्या माणसांकडे असतंच."

वैशालीला एवढं जर्मन कळलं असावं. उंटरकुन्फ्टमध्ये ती रोज शिकत होती. तिनं इनामदारांकडे पाहिलं. मग त्यांच्यावरून नजर उचलून सरळ न्यायाधीशांकडे पाहिलं, दोन्ही हात हवेत लांब धरले आणि तिच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "मेसर. ग्रोसेस मेसर." सुरा. मोठा सुरा. मग एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "फ्युर मिष." माझ्यासाठी.

 न्यायाधीशांनी यंत्र टेबलावर ठेवलं.

"हेर इनामदार," ते म्हणाले, "सुरा हा शब्द तुम्हाला सुचला नाही का?"

इनामदारांचं बोट, सवयीनं, किंचित वर गेलं. "कोयता म्हणजे सुरा नव्हे," ते म्हणाले. "नेमकं बोलायचं तर नव्हेच."

 वकीलबाईंनी दुभाष्यावर हरकत नोंदवली, ती मान्य झाली, आणि सुनावणी पुढच्या तारखेवर गेली.

परतीची गाडी आम्हा दोघांची एकच होती. वैशाली-सुमित वकीलबाईंबरोबर गेले आणि फलाटावर मी आणि इनामदार. मी लांब जाऊन उभी राहिले, तर तेच चालत आले.

"तू मला भर कोर्टात खोटं पाडलंस."

"तुम्ही खोटं बोललात, काका."

"एक शब्द दाखव. एक. भाऊ आला होता की नाही? ऊस म्हणाला की नाही?"

 ते बरोबर होते. प्रत्येक शब्द जागेवर होता आणि त्यातून मुलीचा जीव तेवढा काढून घेतला होता.

"मलूलला तुम्ही किती वाक्यं वापरली होती, आठवतं?" मी शेवटी म्हटलं.

"ते मूल आजारी होतं."

"आणि ही?"

त्यांनी मफलर सारखा केला. मग एकदम, कधी नव्हे ते, त्यांचा आवाज चढला. "तुला काय माहीत आहे? काल आलेली तू! मी आलो तेव्हा कारखान्यातली माणसं जेवताना विचारायची, तुमच्यात बायकांना जाळतात का, तुमच्यात शिवत नाहीत का. उभं आयुष्य मी त्यांना सांगत आलो, की नाही हो, ते जुनं झालं, आमचा देश तसा नाही. सासऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. आणि आता ही पोरगी येऊन त्याच लोकांपुढे आपली लक्तरं वाळत घालणार, आणि ती मी माझ्या तोंडानं घालायची? परक्यापुढे घरातली भांडी वाजवायची नसतात."

"घर तिचं होतं, काका. आणि तिथे तिला मारणार होते."

"मारलं असतं कशावरून? तोंडानं पुष्कळ बोलतात आपल्याकडे."

गाडी आली. ते एका डब्यात चढले, मी दुसऱ्या. त्यांना काय दुखत होतं ते मला त्या दिवशी समजलं. लोक म्हणतात, समजलं की राग ओसरतो. माझा वाढला. स्वतःची मान ताठ राहावी म्हणून हा माणूस दुसऱ्याची मान द्यायला तयार होता, आणि तरी त्यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं.

पुढच्या सुनावणीला कोर्टानं लांबच्या शहरातून एक मराठी बाई बोलावली. तिचं मराठी इनामदारांच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. अडली, की ती वैशालीला पुन्हा विचारायची, आणि तरीही अडली की न्यायाधीशांना तसं सांगायची. तेराव्याचं समजावून सांगताना तिला घाम फुटला, पण तिनं ते सांगितलं. न्यायाधीशांनी आपलं यंत्र खाली ठेवून ऐकलं. काही आठवड्यांनी वैशालीचा फोन आला.  मागे सुमित कुणाला तरी मोठमोठ्यानं सांगत होता. "ताई," एवढंच ती म्हणाली, "ऱ्हायला मिळालं." कचेरीचा नकार कोर्टानं रद्द केला होता. आता दोघं इंगोलश्टाटला असतात. ती वृद्धांच्या शुश्रूषेचं शिक्षण घेते, तो मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्याच्या गोदामात आहे. तिच्या दारावर अजून नावाची पाटी नाही. लावायची नाही, असं तिनं ठरवलं आहे.

मंडळात ही बातमी माझ्याआधी पोचली होती, आणि ती इनामदारांच्या मराठीत पोचली होती. "तू कशाला मध्ये पडलीस?" एकीनं विचारलं. "एका पळून आलेल्या पोरीपायी काकांसारख्या माणसाचा अपमान?" दुसऱ्यानं समजूत काढली, की भाषांतरात उन्नीस-बीस होतंच. उन्नीस-बीस! त्या वर्षी दिवाळीच्या जेवणाचं बोलावणं आम्हाला आलं नाही. इनामदारांनी तिथे नेहमीप्रमाणे भाषण केलं, विषय मातृभाषेचं जतन. फार सुंदर झालं म्हणे.

त्यांच्यावर पुढे काही कारवाई झाली नाही. त्या एका न्यायाधीशांनी त्यांना पुन्हा बोलावलं नसेल, पण त्या इमारतीत न्यायाधीश अनेक आहेत, आणि इतक्या भाषा इतक्या सफाईनं येणारा माणूस सहज मिळत नाही. माझी झोप उडते ती वैशालीसाठी नाही. तिच्या मागे मराठी कळणारं कुणीतरी बसलं होतं. तिच्या आधीच्यांच्या मागे कोण होतं? ज्या म्हाताऱ्याची नक्कल त्यांनी मोदकांबरोबर वाढली, तो खरं तर काय म्हणाला होता?

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी कधीकधी मी त्या कोर्टात जाऊन बसते. गेल्या हिवाळ्यात अशीच गेले होते. व्हरांड्यात एक पंजाबी म्हातारी बाकावर बसली होती, अंगावर दुसऱ्याचा मोठा कोट. शेजारी इनामदार. थोडे वाकले आहेत आता, पण इस्त्री तशीच. ते तिला तिच्या भाषेत काहीतरी हळुवारपणे समजावत होते, आणि ती त्यांचा हात दोन्ही हातांत धरून बसली होती, देवळातल्या पुजाऱ्याचा धरावा तसा.

पुकारा झाला. त्यांनी तिला उठायला हात दिला, दार उघडून धरलं, आणि मग मला पाहिलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी त्यांच्या मागून आत जाऊन शेवटच्या रांगेत बसले.

न्यायाधीशांनी प्रश्न विचारला. म्हातारी बोलायला लागली. बोलता बोलता तिनं एकदा छातीवर हात मारला, एकदा जमिनीकडे बोट दाखवलं, एकदा कुणाचं तरी नाव घेऊन थांबली. मला पंजाबी येत नाही. अधूनमधून एखादा शब्द ओळखीचा वाटायचा आणि निसटायचा. ती थांबली, तेव्हा इनामदारांनी घसा साफ केला, मान किंचित झुकवली आणि भाषांतर सांगितलं. थोडक्यात, शांत, निर्दोष जर्मन.

न्यायाधीशांनी समाधानानं मान हलवली आणि ते लिहून घेतलं. म्हातारीनं कृतज्ञतेनं इनामदारांकडे पाहिलं. आणि मी मागे बसून राहिले, तोंड उघडायला माझ्याकडे एकही शब्द नसलेली.